कॅथलिक उपवास कसा धरावा: भाकरी, शुक्रवार आणि वाचलेल्या घासाचा हिशोब

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, कपाळावर राख लावून घेतली की चर्चच्या अंगणात कोणीतरी हमखास विचारते, ‘आज भाकरी चालते का?’ या प्रश्नाला हसण्याचे कारण नाही. मराठवाड्यात उपवास म्हटला की भगर, साबुदाणा, शेंगदाणे आणि रताळी डोळ्यांपुढे येतात, आणि ज्वारी त्या पंगतीत बसत नाही. एका बाजूच्या घरी एकादशी पाळली जाते, दुसऱ्या बाजूच्या घरी रोजे असतात, आणि दोन्हींकडे काय चालते व काय चालत नाही याचे नियम लहान मुलांनाही पाठ असतात. कॅथलिक उपवासाचे उत्तर मात्र वेगळे आहे. भाकरी चालते. या उपवासात कोणत्याही धान्याला बंदी नाही आणि भगरीला वेगळा मान नाही. प्रश्न आहे तो किती वेळा आणि किती खायचे याचा. त्यामुळे साबुदाण्याची खिचडी, वरून वेफर्स आणि केळी असे चार वेळा खाल्ले, तर चर्चच्या नियमाप्रमाणे तो उपवास होत नाही, आणि दुपारी एकदाच पिठलं-भाकरी पोटभर खाल्ली तर होतो.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करून घ्याव्यात, कारण बहुतेक गोंधळ त्या एकत्र केल्यामुळे होतो. पहिली उपवास, म्हणजे जेवणाचे प्रमाण कमी करणे. दुसरी मांसवर्जन, म्हणजे मांस न खाणे. उपवास वर्षातून फक्त दोन दिवस बंधनकारक आहे: राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे). या दोन्ही दिवशी मांसही वर्ज्य असते. याखेरीज वर्षातील प्रत्येक शुक्रवार हा प्रायश्चित्ताचा दिवस मानला जातो आणि त्या दिवशी मांस वर्ज्य असते. मात्र त्याऐवजी दुसरे प्रायश्चित्त ठरवून देण्याची मुभा 1983 च्या कॅनन लॉने, म्हणजे चर्चच्या कायद्याने, त्या त्या देशाच्या बिशपांच्या परिषदेला दिली आहे. उपवासकाळाबाहेरच्या शुक्रवारी आपल्याकडे नेमके काय लागू आहे, हे आपल्या पॅरिशच्या फादरांना एकदा विचारून घ्यावे आणि घरात सर्वांना सांगून ठेवावे, म्हणजे दर आठवड्याला वाद होत नाही.

उपवास 18 वर्षे पूर्ण झालेल्यांना लागू होतो आणि साठावे वर्ष लागले, म्हणजे 59 पूर्ण झाली, की त्याचे बंधन संपते. मांसवर्जन 14 वर्षे पूर्ण झाल्यापासून लागू होते आणि त्याला वरची मर्यादा नाही. म्हणून सत्तरीच्या आजीबाईंना उपवासातून सूट आहे, शुक्रवारच्या मांसवर्जनातून नाही. आजारी माणसे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, आणि ज्यांच्या अंगावर कष्टाचे काम आहे अशांना उपवासातून सूट मिळते. मधुमेह असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत.

उपवासाच्या दिवसाची रीत अशी आहे. चोवीस तासांत एकच पूर्ण जेवण घ्यावे, आणि सकाळी व संध्याकाळी गरजेपुरते थोडे खावे. ही दोन किरकोळ खाणी एकत्र केली तरी पूर्ण जेवणाइतकी होऊ नयेत, हा त्याचा सोपा मापदंड आहे. सकाळी चहा आणि अर्धी भाकरी किंवा वाटीभर आंबील, दुपारी किंवा प्रार्थनाविधीनंतर एक साधे पूर्ण जेवण, रात्री वाटीभर वरण किंवा ताक-भात, असा दिवस आपल्याकडे सहज बसतो. पूर्ण जेवण कधी घ्यायचे, हे ज्याने त्याने आपल्या कामाप्रमाणे ठरवावे. उत्तम शुक्रवारचा विधी दुपारी तीनच्या सुमारास असतो आणि त्याआधी बहुतेक ठिकाणी क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या एकेका प्रसंगाच्या स्थानापाशी थांबत करायची प्रार्थना, असते. म्हणून त्या दिवशी मुख्य जेवण विधीनंतर घेतलेले बरे, पण ज्यांना उन्हात चालवत नाही त्यांनी ते आधी घेतले तरी नियम मोडत नाही.

पाण्याबद्दल मुद्दाम सांगावे लागते. कॅथलिक उपवासात पाण्याला कधीही बंदी नसते. मी अठरा पूर्ण केल्यावर पहिला उपवास धरला तेव्हा शेजारच्या मित्राचे रोजे पाहून पाणीसुद्धा घ्यायचे नाही अशी समजूत करून घेतली, आणि एप्रिलच्या उन्हात येशू तिसऱ्यांदा पडतो त्या नवव्या स्थानापाशी मीही खाली बसलो. एका म्हाताऱ्या धर्मशिक्षकांनी तांब्या पुढे केला आणि विचारले, ‘हा उपास तुला सांगितला कोणी?’ उत्तम शुक्रवार 20 मार्च ते 23 एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो, आणि त्या काळातले आपल्याकडचे ऊन सांगायला नको. पाणी, लिंबू-मिठाचे सरबत आणि ताक यांनी उपवास मोडत नाही.

शुक्रवारच्या मांसाबद्दल दोन-तीन प्रश्न नेहमीचे आहेत. अंडी, दूध, तूप चालते, मासेही चालतात. परंतु जायकवाडीचा ताजा मरळ आणून घरभर मसाल्याचा वास दरवळेल असा बेत शुक्रवारी करायचा आणि मांस सोडल्याचे समाधान मानायचे, यात नियम पाळला जातो आणि नियमाचा हेतू दाराबाहेर राहतो. दुसरा प्रश्न रश्श्याचा. पंगतीत ‘फोडी नको, रस्सा तेवढा वाढा’ असे म्हणणारे आपण सर्वांनी पाहिले आहेत. पोपनी काढलेला 1966 चा नियम प्राण्यांच्या चरबीपासून केलेली फोडणी किंवा चव यांना मुभा देतो, हे खरे. पण मराठवाड्यात मटणाचा रस्सा हेच मुळी मटण आहे, आणि त्यात भाकरी कुस्करून खाणाऱ्याने त्या मुभेचा आधार घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिसरा प्रश्न आमंत्रणाचा. शेजाऱ्यांची कंदुरी नेमकी उपवासकाळातल्या शुक्रवारी आली तर आधीच प्रेमाने सांगून ठेवावे. रोजे आणि एकादशी यांची सवय असलेल्या आपल्या गावांत हे कोणालाही अवघड वाटत नाही, आणि यजमान आपल्यासाठी डाळ वेगळी काढतो. शुक्रवारी मोठा सण आला, उदाहरणार्थ 19 मार्चचा संत योसेफांचा किंवा 25 मार्चचा देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाचा, तर त्या दिवशी मांसवर्जन लागू नसते. उत्तम शुक्रवार मात्र कोणत्याही सणापुढे हटत नाही.

नियम एवढा लहान कसा झाला

आजचा नियम पाहून पुष्कळांना वाटते की कॅथलिकांचा उपवास फारच सौम्य आहे. तो नेहमी असा नव्हता, आणि तो कसा बदलत गेला हे माहीत असल्याशिवाय तो नीट धरताही येत नाही.

‘दिदाखे’ या अतिप्राचीन ख्रिस्ती पुस्तिकेत बुधवार आणि शुक्रवार हे दोन उपवासाचे दिवस सांगितले आहेत. शुक्रवारचा धागा इतका जुना आहे. ईस्टरपूर्वीचा उपवास सुरुवातीला फार लहान होता. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस संत इरेनियस लिहितात की कोणी एक दिवस, कोणी दोन दिवस, तर कोणी सलग चाळीस तास उपाशी राहतात, आणि या फरकावरून आपण एकमेकांशी भांडू नये. चाळीस दिवसांचा उल्लेख 325 साली निकेआ येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेत येतो, आणि त्याच शतकात अलेक्झांड्रियाचे बिशप संत अथनासियस आपल्या भाविकांना चाळीस दिवसांचा उपवास पाळण्याचा आग्रह करताना दिसतात. रानात येशूने चाळीस दिवस काढले, त्याची ही आठवण.

दिवसांचा हिशोब मात्र सहजासहजी जुळला नाही. सहा आठवडे उपवास धरला आणि रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस म्हणून त्यातून वगळला, तर हाती राहतात 36 दिवस. पोप पहिले ग्रेगरी यांनी त्यालाही अर्थ दिला: 365 दिवसांचा सुमारे दहावा हिस्सा, म्हणजे वर्षाचा दशांश, देवाला. पुढे चाळीस पूर्ण करण्यासाठी आधीचे चार दिवस जोडले गेले आणि उपवासकाळ बुधवारी सुरू होऊ लागला. म्हणून राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत मोजले तर 46 दिवस भरतात आणि सहा रविवार वजा केले की 40 उरतात. उपवासकाळापुरता सोडलेला चहा रविवारी घ्यावा का, हा वाद घरोघरी चालतो. रविवार उपवासाचा दिवस नाही, एवढे निश्चित आहे, आणि पुढचे ज्याच्या त्याच्या मनावर आहे.

जुन्या काळी या चाळीस दिवसांत दिवसाला एकच जेवण असे आणि तेही सूर्यास्तानंतर. मांसाबरोबर अंडी, दूध, लोणी हेही वर्ज्य होते. शतके उलटत गेली तसे जेवण दुपारी तीनवर आले आणि चौदाव्या शतकापर्यंत दुपारी बारावर. मग रात्री भूक लागू लागली. मठवासी झोपण्यापूर्वी संत कास्सियान यांचे ‘कोलातियोनेस’ हे पुस्तक एकत्र वाचत असत. त्या वाचनाच्या वेळी दिवसभर शेतात राबलेल्यांना पेयाचा एक घोट आणि पुढे चिमूटभर खाणे मिळू लागले, आणि त्या खाण्यालाच ‘कोलेशन’ हे नाव चिकटले. आपण रात्री घेतो ते वाटीभर वरण म्हणजे त्या कोलेशनचाच वंशज आहे, असे म्हणायला हरकत नाही. लोण्याची गोष्ट तर फ्रान्समधल्या रूआँ शहरात दगडात उभी आहे: उपवासकाळात लोणी खाण्याची परवानगी मिळावी म्हणून लोकांनी दिलेल्या पैशांतून कॅथेड्रलचा जो मनोरा उभारला गेला, त्याला आजही ‘लोण्याचा मनोरा’ म्हणतात. सवलत विकत घेता येऊ लागली की उपवास श्रीमंतांना हलका आणि गरिबांना जड होतो, हे सांगायला वेगळा पुरावा लागू नये.

विसाव्या शतकातही 1917 च्या कॅनन लॉप्रमाणे उपवासकाळातल्या रविवार वगळून सर्व दिवशी उपवास बंधनकारक होता. हे चित्र पोप सहावे पॉल यांनी 17 फेब्रुवारी 1966 रोजी काढलेल्या ‘पेनितेमिनी’ या आदेशाने बदलले, आणि बंधनाचे उपवास दोनच उरले. पोपसाहेबांनी प्रायश्चित्त रद्द केले, असा त्याचा अर्थ पुष्कळांनी घेतला. आदेशात मात्र असे म्हटले होते की जिथे सुबत्ता आहे तिथल्यांनी त्यागाची अधिक साक्ष द्यावी, आणि जिथे जगणेच कष्टाचे आहे तिथल्यांनी सामाजिक न्यायासाठी झटत असतानाच आपले सोसणे ख्रिस्ताच्या क्रूसाशी जोडून प्रार्थनेत अर्पण करावे. दुष्काळी मुलखात राहणाऱ्या आपल्यासाठी या वाक्याचे महत्त्व फार आहे.

वाचलेल्या घासाचा हिशोब

उपवास कसा धरावा याचे मला माहीत असलेले सर्वांत नेमके मार्गदर्शन दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात आहे. तो सांगतो की उपवासाच्या दिवशी भाकरी आणि पाणी एवढेच घे. एरवी त्या दिवशी तू जे खाल्ले असतेस त्याची किंमत काढ. आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला दे. याच शतकातला अरिस्तिदेस हा लेखक ख्रिस्ती लोकांविषयी सांगतो की त्यांच्यात कोणी गरीब असेल आणि त्यांच्याजवळ देण्यासारखे जास्तीचे काही नसेल, तर ते दोन-तीन दिवस स्वतः उपाशी राहतात आणि ते अन्न त्याला देतात. म्हणजे उपवास हा ताटापाशी संपत नाही. ताटातून जे वाचले ते कुठे गेले, यावर तो पुरा की अपुरा ते ठरते. पाचव्या शतकात संत पेत्रुस क्रिसोलोगस यांनी प्रार्थना, उपवास आणि दया ही तीन नसून एकच आहेत, असे सांगितले ते याच अर्थाने.

हे प्रत्यक्षात आणायला एक डबा आणि एक वही पुरते. राखेच्या बुधवारी घरातल्या सर्वांनी बसून काय सोडायचे ते ठरवावे: आठवड्याचे मटण, दुपारचा दुसरा चहा, तंबाखू, गुटखा, मिसरी, हॉटेलातली भजी. जे ठरेल त्याची आपल्या गावच्या भावाने किंमत काढावी आणि ती त्याच दिवशी डब्यात टाकावी. आठवड्याच्या शेवटी एकदम टाकू, असे म्हणणाऱ्यांचा डबा रिकामाच राहतो, हा अनुभव आहे. ज्यांच्या हातात रोख नसते त्यांनी मूठभर ज्वारी किंवा डाळ बाजूला काढावी. मुलांनाही यात घ्यावे. चौदाच्या आतल्या मुलांना नियम लागू नसला, तरी त्यांना प्रायश्चित्ताचा खरा अर्थ शिकवण्याची जबाबदारी कॅनन लॉने आईवडिलांवर आणि धर्मगुरूंवर टाकली आहे. दहा वर्षांच्या मुलाने पेप्सीकोल्याचे पैसे स्वतःच्या हाताने डब्यात टाकले तर ते प्रवचनापेक्षा जास्त लक्षात राहते. तंबाखू किंवा मोबाइल सोडणे हे स्वखुशीचे आहे. त्यामुळे बंधनाच्या दोन दिवसांचा उपवास माफ होत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. आणि हा नवस नव्हे. मुलाला नोकरी लागावी म्हणून चाळीस दिवस मटण सोडणारे आपल्यात आहेत. त्यांच्या श्रद्धेला बोल लावू नये, पण देवाशी सौदा करणे आणि उपवास धरणे यांतला फरक घरात समजावून सांगावा.

कष्टकऱ्यांचा प्रश्न इथे वेगळा घ्यायला हवा. राखेचा बुधवार 4 फेब्रुवारी ते 10 मार्च यांच्या दरम्यान येतो, आणि त्या दिवसांत बीड-जालन्याकडची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला कारखान्यांवर असतात. पहाटे कोयता हातात घेणाऱ्या आणि मोळ्या वाहणाऱ्या बाईला अर्ध्या भाकरीवर दिवस काढ, असे सांगणे हा अन्याय आहे, आणि चर्च तसे सांगतही नाही. छत्रपती संभाजीनगरचे कॅथेड्रल ज्यांच्या नावाने आहे आणि ज्यांच्या नावाच्या संघाचे फ्रेंच मिशनरी या भागात आले, त्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी 1609 साली प्रसिद्ध झालेल्या ‘भक्तिमय जीवनाची ओळख’ या ग्रंथात हरणाचा दाखला दिला आहे: हरीण फार माजले तरी नीट धावत नाही आणि फार वाळले तरी धावत नाही. उपवास आणि श्रम दोन्ही शरीराला वळण लावतात, आणि हातातले काम देवाच्या सेवेचे किंवा उपयोगाचे असेल तर त्याचे कष्ट सोसणे आपल्याला उपवासापेक्षा अधिक पसंत आहे, असे ते म्हणतात. ताटात जे वाढले ते, आवडो न आवडो, निमूट खाणे हा मुद्दाम वाईट तेवढे निवडून खाण्यापेक्षा मोठा गुण आहे, हेही त्यांचेच सांगणे. 1972 च्या दुष्काळात सुकडी आणि लाल मिलोवर दिवस काढलेल्या पिढीला उपास आणि उपासमार यांतला फरक पुस्तकातून शिकावा लागला नाही. उपास माणूस स्वतः निवडतो, उपासमार त्याच्यावर लादली जाते, आणि लादलेल्या भुकेला पुण्याचे नाव देण्याचा अधिकार पोट भरलेल्या माणसाला नाही.

उपवास दिसू नये, ही मत्तयच्या सहाव्या अध्यायातली येशूची सूचना आपल्याकडे अक्षरशः पाळता येते: डोक्याला तेल लावावे, तोंड धुवावे आणि कामाला लागावे. चेहरा ओढून बसण्याने घरातल्या सुनेला दुप्पट काम होते, एवढेच. उपवासाच्या दिवशी स्वयंपाक करणारीही उपाशी असते, हे पुरुषांनी विसरू नये. त्या दिवशी घरात एकच साधा बेत व्हावा आणि ‘माझे वेगळे कर’ हे शब्द कोणी काढू नयेत. 2026 साली राखेचा बुधवार 18 फेब्रुवारीला होता, महाशिवरात्र तीन दिवस आधी झाली होती आणि रमजान त्याच आठवड्यात सुरू झाला. अशा वर्षी तर कोणाचा उपवास कडक, ही तुलना मनातूनही काढून टाकावी. जेवणाचा जो वेळ वाचतो तो प्रार्थनेला द्यावा, नाहीतर तो मोबाइलवर जातो; खरा उपवास कोणता हे सांगणारा बायबलमधला यशयाचा 58 वा अध्याय त्या दिवशी मोठ्याने वाचण्यासारखा आहे.

ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सा या चर्चच्या मुख्य उपासनेत मिळणारी पवित्र भाकर, घेण्यापूर्वीचा उपवास ही वेगळी बाब आहे आणि ती वर्षभर लागू असते. पूर्वी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. 1953 साली पोप बारावे पायस यांनी पाण्याला मुभा दिली, 1957 साली ही मुदत तीन तासांवर आणली, आणि 1964 साली ती एक तासावर आली. हा तास मिस्सा सुरू होण्यापूर्वीचा नसून ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वीचा मोजायचा. पाणी आणि औषधे चालतात, आणि वृद्ध, आजारी व त्यांची सेवा करणारे यांना ही अट नाही.

उत्तम शुक्रवारचा उपवास शक्य असेल त्यांनी शनिवारीही चालू ठेवून पास्काजागरणापर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेपर्यंत, न्यावा, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली सुचवले आहे. त्याचे बंधन नाही. डबा उघडायला मात्र तोपर्यंत थांबू नये. उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, संध्याकाळच्या मिस्सेत भाकर आणि द्राक्षारस यांच्याबरोबर गरिबांसाठीची दाने वेदीकडे नेण्याची सोय विधीतच आहे. म्हणून त्याच्या आदल्या बुधवारी रात्री घरातल्या सर्वांसमोर डबा उघडावा, वहीशी ताळा करावा आणि रक्कम किंवा धान्य गुरुवारी चर्चमध्ये न्यावे. गल्लीतल्या एखाद्या घराला थेट द्यायचे असेल तर तेही गुरुवारीच, अंधार पडल्यावर आणि मुलांना बरोबर न घेता द्यावे. शनिवारी बाजार करायला त्या घराच्या हातात पैसे असले, तर रविवारी त्यांच्याही चुलीवर सणाचे शिजेल.